बडेकर सरांची फेरतपासणी

बडेकर सरांना 'कसे आहात?' असं विचारलं, की ते थांबतात, चष्मा कपाळावर चढवतात आणि उलट विचारतात, "पर्याय काय आहेत?" पर्याय दिल्याशिवाय ते पुढे सरकत नाहीत. आमच्या इमारतीला आता याची सवय झाली आहे. दूधवाला सकाळी पिशवी हातात देतानाच सांगून टाकतो, "बरे, बरे नाही, सांगता येत नाही." सर बहुतेक दिवशी तिसरा पर्याय निवडतात.

नामदेव बडेकर यांनी सगळी नोकरी खोपोलीतल्या एका कॉलेजात समाजशास्त्र शिकवण्यात घालवली. निवृत्त होऊन तीन वर्षं झाली. खालापुरात आमची तीन मजली इमारत आहे. पहिल्या मजल्यावर ते राहतात, दुसऱ्यावर मी. मी एका दैनिकाचा तालुका वार्ताहर आहे. सरांच्या पत्नी त्यांच्या निवृत्तीआधीच गेल्या. मुलगा बंगळुरूला असतो आणि रविवारी फोन करतो. बाकीचे सहा दिवस सर माझी बातमी वाचतात.

"'पाणीटंचाईमुळे नागरिकांत संताप'," एकदा दारात उभं राहून त्यांनी माझंच शीर्षक मला वाचून दाखवलं. "किती नागरिक?"

"बरेच."

"बरेच हा आकडा नाही. तुम्ही किती जणांना विचारलंत?"

मी तिघांना विचारलं होतं.

"मग 'तिघांत संताप' असं लिहा," ते म्हणाले आणि जिना उतरून गेले.

इमारतीत काहीही घडलं तरी सरांकडे त्यासाठी एक सिद्धांत असे. गच्चीवरच्या टाकीतलं पाणी कोणाला किती, यावरून दोन मजल्यांत भांडण झालं, तेव्हा ते मध्ये उभे राहून म्हणाले, "याच्याकडे दोन तऱ्हांनी बघता येईल. प्रकार्यवादी म्हणेल, समाज शरीरासारखा असतो, एक अवयव बिघडला की बाकीचे त्याला सांभाळून घेतात. संघर्षवादी म्हणेल, टाकी ज्याच्या ताब्यात तो सत्ताधारी."

"सर," तिसऱ्या मजल्यावरच्या कदम वहिनी म्हणाल्या, "मोटारीची चावी तुमच्याकडे आहे. सकाळपासून लावलेली नाही."

सरांनी खिसा चाचपला. चावी निघाली. ते म्हणाले, "म्हणजे संघर्षवादी बरोबर," आणि मोटार लावायला गेले.

कदमांच्या नातीच्या बारशाला ते पाळण्यापाशी बराच वेळ उभे होते. आत्याने बाळाच्या कानात नाव सांगितल्यावर सरांनी खिशातली छोटी वही काढली. "आजपासून समाजीकरण सुरू," ते लिहिता लिहिता म्हणाले. "नाव ही समाजाने माणसाला दिलेली पहिली वस्तू. हिला कोणी विचारलेलं नाही, हे लक्षात घ्या."

"सर, पेढा घ्या नि गप बसा," कदमांची आई म्हणाली. सरांनी दोन्ही गोष्टी केल्या.

पण त्यांचं खरं नाव झालं ते संशोधन पद्धतीच्या पेपरामुळे. शेवटच्या वर्षाला प्रत्येक विद्यार्थ्याने एक प्रश्नावली घेऊन एखाद्या वस्तीत जायचं, तीस घरांत बसून तीस फॉर्म भरून आणायचे, असा प्रकल्प असे. त्याला वीस गुण, आणि त्यात नापास तो पेपरातही नापास. आता तीस घरं फिरणं कोणाला नको असतं, हे सगळ्यांना माहीत आहे. कॉलेजच्या मागे चिंचेचं झाड होतं. मुलं त्या झाडाखाली बसत, एक जण नावं सुचवी, एक जण वयं, आणि दुपारपर्यंत तीस कुटुंबं तयार होत. सर अशा गठ्ठ्याला 'चिंचेखालची लोकसंख्या' म्हणत.

तो गठ्ठा ते वास घेतल्यासारखा ओळखत. "याच्यात एकही माणूस 'मला काय माहीत' म्हणालेला नाही," ते मुलाला सांगत. "तीस माणसं आणि तिसांनाही सगळं माहीत? अशी वस्ती मला दाखव, मी तिथे राहायला जातो." खऱ्या फॉर्मवर चहाचा डाग असतो, ओल्या बोटाचा ठसा असतो, मध्येच कोणीतरी हाक मारल्यामुळे अर्धवट राहिलेलं वाक्य असतं, असं त्यांचं म्हणणं. हजरजबाबी उत्तर दिसलं की ते सावध होत. "शहाणं उत्तर म्हणजे विद्यार्थ्याचं उत्तर. उत्तरदाता दमलेला असतो."

संशय आला की ते फेरतपासणीला निघत. स्कूटर काढायची, फॉर्मवरच्या वस्तीत जायचं आणि तो माणूस शोधायचा. एका मुलाने कुठल्याशा वाडीतला रामचंद्र बेधडक लिहून टाकला होता. सर तिथे पोचले तर चार रामचंद्र निघाले. चौघांनाही कोणी विचारलेलं नव्हतं, आणि चौघांनाही त्याचा राग आला. "आमाला का नाय इचारलं? आमी काय मेलो व्हतो?" एक जण म्हणाला. सर ओट्यावर बसले आणि चौघांचे फॉर्म स्वतः भरून संध्याकाळी परत आले. मुलाला शून्य मिळालं. एक फॉर्म खोटा तर सगळा गठ्ठा खोटा, हा त्यांचा नियम होता. विद्यार्थी, पालक, प्राचार्य, सगळ्यांनी आपापल्या परीने तो मोडून पाहिला. सरांनी मोडू दिला नाही.

हे किस्से मी अनेकदा ऐकले होते, आणि त्यांच्यावर हसलोही होतो. वैशाली ठोंबरेचं नाव मात्र त्यांत कधी आलं नव्हतं.

गेल्या हिवाळ्यात एका सकाळी मला कुंभिवलीत काम होतं. माझी मोटारसायकल बंद होती म्हणून सर त्यांच्या स्कूटरवरून सोडायला आले. फाट्यावर फ्लेक्स लागले होते. एका वयस्कर बाईचा फोटो, वर 'भावपूर्ण श्रद्धांजली', खाली 'कै. पार्वतीबाई', मग मुलं, सुना, नातवंडं. त्याच्या शेजारी, जरा लहान, दुसरा फ्लेक्स. फोटो तोच. नाव मात्र 'आमची लाडकी बहीण कै. सुनंदा', आणि खाली कुठल्या दुसऱ्या गावच्या भावांची नावं.

सरांनी स्कूटर थांबवली. मला वाटलं, वही काढतील. त्यांनी काढली नाही.

टपरीवाल्याला त्यांनी विचारलं, "या दोघी बहिणी का?"

"दोगी कुटल्या? येकच हाय ती," टपरीवाला म्हणाला. "लग्नात नाव बदललं ना. पारबती सासरचं. ते भाऊ लोक माहेरच्या नावानं लावून गेले. इकडं कुणाला ठावंच नव्हतं तिचं नाव सुनंदा हाय म्हनून. तिच्या सुनेला बी आताच कळलं."

सर स्कूटरवर तसेच बसून राहिले. इंजिन चालू होतं. माझं काम उरकून मी अर्ध्या तासाने परत आलो, तेव्हाही ते तिथेच होते. इंजिन तेवढं बंद केलं होतं.

त्या दुपारी त्यांनी मला घरी बोलावलं आणि कपाटातून एक गठ्ठा काढला. वरच्या फॉर्मवर लाल शाईत शून्य होतं. मग त्यांनी सगळं सांगितलं, एखाद्या अपघाताची फिर्याद द्यावी तसं, क्रमाने.

वैशाली ठोंबरे ही पंधरा-सोळा वर्षांपूर्वीची त्यांची विद्यार्थिनी. वडील टेंपो चालवत. तिला पुढे एम.ए. करायचं होतं. तिच्या गठ्ठ्यातला हा वरचा फॉर्म: नाव सुनंदा, वय पंचेचाळीस, वस्ती कुंभिवली. आडनाव नाही, नवऱ्याचं नाव नाही. तो सरांचाच नियम. उत्तर देणाऱ्याची ओळख पटू नये म्हणून फक्त पहिलं नाव लिहायचं. 'घरातले निर्णय कोण घेतं?' या प्रश्नापुढे वैशालीने उत्तर लिहिलं होतं: 'देव आणि सासू. देव तरी ऐकतो.'

त्याखाली सरांचा शेरा होता: 'असं कोणी बोलत नाही.'

"मी तपासायला गेलो होतो," सर म्हणाले. "पारावर पुरुष बसले होते, त्यांना विचारलं. म्हणाले, सुनंदा नावाची बाई इथं नाही. नळावर बायकांना विचारलं. त्याही नाही म्हणाल्या. मग घरोघर गेलो. एका घरात म्हातारी बाहेर आली. म्हणाली, 'नाय रं बाबा, आमच्यात पारबती हाय.' ती पार्वती दारात उभी होती. हातात कळशी होती. मी तिच्याकडे बघितलं." त्यांनी चष्मा कपाळावर चढवला. "तिला नाही विचारलं. सासूला विचारलं."

"सासूसमोर ती काय बोलणार होती?"

"तेच तर मी वर्गात शिकवत होतो. उत्तर देणाऱ्याला एकांत द्या. त्याच्या वतीने दुसऱ्याला बोलू देऊ नका. नाव आधी विचारा, आणि तुम्हाला कोणत्या नावाने हाक मारलेली आवडते तेही विचारा. पोरीने तेवढं केलं असणार. म्हणूनच बाईने तिला स्वतःचं नाव सांगितलं. पोरीला सांगितलं, मला नाही."

"वैशाली काही म्हणाली नव्हती?"

"म्हणाली. 'सर, ती असंच बोलली,' म्हणाली. दोनदा. मी म्हटलं, पुरावा आण. ती कुठून आणणार? वस्तीच नाही म्हणत होती." ते फॉर्मकडे बघत राहिले. "पेपर गेला. पुढच्या वर्षी परत बसता आलं असतं. बापाने बसवलं नाही. शिपायाकडून कळलं, लग्न झालं म्हणून. तेव्हा मी म्हटलं होतं, नियम सगळ्यांना सारखा."

आता त्यांना एकच गोष्ट हवी होती. वैशालीला शोधायचं आणि ती खरं बोलत होती, हे तिला तिच्या तोंडावर सांगायचं. कॉलेजात जाऊन गुण दुरुस्त करता येतात का, हे ते आधीच विचारून आले होते. इतक्या वर्षांनी काही होत नाही, असं सांगण्यात आलं. शिवाय तो विषयच आता तिथे शिकवला जात नाही. मुलं मिळेनात म्हणून बंद झाला.

शोधासाठी त्यांनी आराखडा केला. "याला हिमगोल नमुना म्हणतात," त्यांनी मला समजावलं. "एकाला विचारायचं, तो दुसऱ्याचं नाव सांगतो, दुसरा तिसऱ्याचं. बर्फाचा गोळा जसा मोठा होतो."

"आम्ही याला चौकशी म्हणतो," मी म्हणालो. "आणि खोपोलीत बर्फ कुठे?"

"उसाच्या रसात," सर म्हणाले. त्या महिन्यात त्यांनी केलेला तेवढा एकच विनोद.

कॉलेजच्या जुन्या शिपायाने वैशालीच्या एका वर्गमित्राचं नाव दिलं. त्याचं मोबाइलचं दुकान होतं. त्याने तिची एक मावशी रसायनीला कंपनीच्या वसाहतीत राहते, एवढं सांगितलं. मावशीने आम्हाला दारातच उभं केलं. पंधरा वर्षांनी मास्तर कशाला शोधत आलाय, हे तिला कळेना.

"काय केलंय काय तिनं?"

"तिने काही नाही केलं," सर म्हणाले. "मी केलंय."

मावशीने आमच्याकडे एकदा बघितलं आणि पत्ता सांगितला. शिळफाट्याला झेरॉक्सचं दुकान आहे, नवऱ्याचं, पण ते चालवते तीच. आम्ही निघालो. फाटकापर्यंत जाऊन सर मागे फिरले.

"तिथे तिला काय म्हणतात?"

"आँ?"

"सासरी. नाव काय ठेवलं तिचं?"

"सायली," मावशी म्हणाली. "तिकडं वैशाली म्हून इचारशीला तर कोन सांगनार नाय."

सरांनी वहीत लिहून घेतलं.

दुकान लहान होतं. बाहेर पाटी: झेरॉक्स, लॅमिनेशन, सर्व प्रकारचे ऑनलाइन फॉर्म भरून मिळतील. बायकांची रांग होती. संगणकासमोर चाळिशीकडे झुकलेली एक बाई बसली होती, चष्मा, केसांना क्लिप, आवाज खणखणीत. समोरच्या म्हातारीला ती सांगत होती, "आजी, घरातलं नाव नको, कागदावरचं सांगा. आधारावर काय आहे? रेशनला काय आहे? दोन्हीकडं वेगळं आहे ना, म्हणून तुमचा अर्ज परत येतो."

"माजं मला काय म्हाईत, बाय. ज्यानं जे लिवलं ते."

"मग बसा. प्रतिज्ञापत्र करावं लागेल."

सर रांगेत उभे राहिले. मी म्हटलं, पुढे जाऊ. ते हलले नाहीत. त्यांचा नंबर यायला पाऊण तास लागला. तिने वर न बघता हात पुढे केला. "आधार द्या, काका."

"वैशाली," सर म्हणाले.

तिचा हात तसाच राहिला. मग तिने वर बघितलं. ओळखायला तिला वेळ लागला नाही.

सरांनी पिशवीतून तो फॉर्म काढला आणि टेबलावर तिच्यासमोर ठेवला. तिने तो हातात घेतला नाही, वाकून वाचला. शून्य, नाव, वय, उत्तर, शेरा. मागे कोणाच्या तरी मोबाइलवर गाणं चालू होतं.

"सुनंदा होती," सर म्हणाले. "सासरचं नाव पार्वती होतं. या हिवाळ्यात गेली ती. मला तेव्हा कळलं. फॉर्म खरा होता. चूक माझी."

रांगेतली एक बाई म्हणाली, "अवो काका, सरका की जरा. आमची येष्टी जाईल."

"थांब गं जरा," वैशाली म्हणाली. तिने ते उत्तर परत एकदा वाचलं. मग हसली, दुकानात गिऱ्हाइकाशी हसतात तसं. "सर, एवढ्यासाठी आलात होय? तो फॉर्म मी घरीच बसून भरला होता. चिंचेखालीच म्हणा ना. तुम्ही बरोबर ओळखलं होतंत."

"आणि ते उत्तर?"

"सुचलं तेव्हा. वय होतं ना."

मी सरांकडे बघितलं. त्यांच्या फोनमध्ये दोन्ही फ्लेक्सचे फोटो होते. कुंभिवलीहून निघण्याआधी ते त्यांनी माझ्याकडूनच काढून घेतले होते. फोन वरच्या खिशात होता. तो बाहेर काढला असता तर तिचं म्हणणं तिथल्या तिथे खोटं ठरलं असतं. ती तसं का बोलली, हे मला ठाऊक नाही. नवरा मागच्या मशीनपाशी उभा होता, म्हणून असेल. म्हातारा मास्तर उन्हातून आला होता, म्हणूनही असेल. मी विचारलं नाही.

सरांनी फोन काढला नाही. त्यांनी लाल पेन काढलं. फॉर्म स्वतःकडे ओढला, आपला शेरा एका रेघेने खोडला, मग शून्य खोडलं. शेजारी आकडा लिहिला, खाली सही केली, आजची तारीख घातली आणि फॉर्म तिच्याकडे सरकवला.

तिने वाचलं. "अठरा?"

"वीसपैकी."

"दोन कुठं गेले?"

"आत्ता खोटं बोललीस, त्याचे."

चष्मा काढून तिने ओढणीच्या टोकाने पुसला, परत घातला, परत काढला. रांगेतल्या ज्या बाईची एसटी जायची होती, तिने हातातली पिशवी खाली ठेवली. मग वैशालीने उठून फॉर्म मशीनवर ठेवला, झाकण लावलं, एक प्रत काढली. प्रत अजून गरम होती. ती तिने सरांच्या हातात दिली. मूळ फॉर्म तिने टेबलाच्या ड्रॉवरमध्ये, स्वतःच्या पर्सखाली ठेवला.

"चहा घ्याल?" तिने विचारलं.

"तुझी रांग आहे," सर म्हणाले.

"हो. रांग आहे."

तिने पुढच्या बाईकडे हात केला. "आधार द्या, ताई."

बाहेर आल्यावर काहीतरी बोलायला हवं, म्हणून मी म्हणालो, "झालं ना सर मनासारखं?"

"काय झालं?" सर म्हणाले. "तिचं एम.ए. झालं का?"

ते गुण कुठे जमा होणार नव्हते. ते त्यांना माहीत होतं आणि तिलाही. सरांनी झेरॉक्सची घडी करून खिशात ठेवली आणि स्कूटरला किक मारली. एकदा, दोनदा, पाचदा. मी किल्ली मागितली. त्यांनी दिली, आणि मागे बसले.

महामार्गावर ट्रकांची गर्दी होती. एका वळणावर सरांनी माझा खांदा धरला, आधारासाठी धरतात तसा. वळण संपलं, रस्ता सरळ झाला, खालापूर आलं, इमारत आली, तरी त्यांनी हात काढला नाही. मी इंजिन बंद केलं आणि उतरायची घाई न करता तसाच बसून राहिलो.